आरोग्यसेवा हक्काची की नोकरीची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद बहुतेक वेळा तत्त्वज्ञानाच्या उंचीवर सुरू होतो आणि तिथेच हरवतो. म्हणून खाली प्रश्न जसे विचारले जातात तसेच घेतले आहेत, काही भाबडे, काही खोचक. उत्तरं तटस्थ नाहीत आणि तसा आवही आणलेला नाही.

हक्क काय आणि सवलत काय, आजारी पडल्यावर डॉक्टर तोच ना?

दवाखान्यात फरक दिसत नाही. गोळी तीच, सुई तीच. फरक दिसतो राजीनामा दिल्यावर किंवा कंपनीला टाळं लागल्यावर. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर आणि कराराच्या मुदतीवर चालते. पुढच्या वर्षी विम्याची रक्कम निम्मी केली, घरच्यांना यादीतून वगळलं, तरी तुम्ही फार तर एचआरला नाराजीचा मेल लिहाल. हक्क नाकारला तर मात्र नाकारणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर वर दाद मागता येते.

ओळखायची आणखी एक सोपी खूण आहे. सवलतीच्या खिडकीवर पहिला प्रश्न असतो, "कुठे काम करता?" हक्काच्या खिडकीवर विचारतात, "काय होतंय?"

उपचार आणि नोकरी यांची गाठ मुळात बांधली कुणी?

जर्मनीत, १८८३ साली, चॅन्सलर बिस्मार्कने. हा गृहस्थ काही कामगारांचा कैवारी नव्हता. पाचच वर्षांपूर्वी त्याने समाजवाद्यांना दडपणारा कायदा आणला होता. नुसत्या दडपणुकीने कामगार त्यांच्यापासून तुटणार नाहीत, हे ओळखून त्याने दुसऱ्या हाताने विमा पुढे केला. हप्त्याचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा, आणि त्याबदल्यात औषधोपचार व तेरा आठवड्यांपर्यंत निम्मी मजुरी.

यातली मजुरीची बाब महत्त्वाची आहे. त्या काळी वैद्यकाच्या हातात आजच्यासारखे उपाय नव्हते. आजारपणात घर बुडायचं ते डॉक्टरच्या बिलाने कमी आणि बुडालेल्या मजुरीने जास्त. मजुरी भरून काढायची म्हटल्यावर विमा कामाला जोडला जाणं ओघानेच आलं. पुढे शस्त्रक्रिया, प्रतिजैविकं, डायलिसिस, कर्करोगाची औषधं आली, खर्चाचं पारडं उलटं झालं, पण गाठ तशीच राहिली.

ब्रिटनने १९११ मध्ये हाच कित्ता गिरवला. आठवड्याला कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. पण कार्डावर नाव एकट्या कामगाराचं. बाळंतपणाची थोडी रक्कम सोडली तर त्याच्या बायकोला काही नाही, मुलांनाही नाही. दिवसभर घरात राबणारी बाई 'काम करत नव्हती', म्हणून आजारी पडण्याची सोय तिला नव्हती. हे बदलायला ५ जुलै १९४८ उजाडावा लागला. त्या दिवशी नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली आणि उपचारासाठी नोकरीचं कार्ड दाखवायची गरज संपली.

आणि अमेरिकेत? तिथे तर अजून हीच पद्धत आहे.

तिथली गाठ युद्धाच्या गडबडीत पक्की झाली. सुरुवात छोटी होती. १९२९ मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहरातल्या एका रुग्णालयाने शिक्षकांना सांगितलं, महिन्याला ५० सेंट भरा, गरज पडली तर २१ दिवस रुग्णालयात उपचार मिळतील. मग दुसरं महायुद्ध आलं. माणसं कमी, कारखान्यांना हात हवे, आणि महागाई आवरायची म्हणून १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवलेले. पगार वाढवता येईना, पण विम्यासारख्या सोयींना त्या बंधनातून सूट होती. मालकांनी तीच पळवाट धरली. १९४३ मध्ये करखात्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या उत्पन्नात धरायचा नाही असं ठरवलं आणि १९५४ च्या करकायद्याने त्यावर शिक्का मारला.

मधल्या काळात, १९४५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सर्वांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेने तो हाणून पाडला. तोवर मोठ्या कंपन्यांतल्या कामगारांना नोकरीतून विमा मिळू लागला होता, त्यामुळे रस्त्यावर उतरून ओरडणाऱ्यांची संख्याही घटत गेली. आज पंधरा कोटींहून अधिक अमेरिकनांचा विमा कुणाच्या ना कुणाच्या नोकरीतून येतो. युद्धकाळातली तात्पुरती सोय ऐंशी वर्षं मुक्काम ठोकून बसली आहे. अशी व्यवस्था असावी असं कुणी बसून, विचार करून कधी ठरवलंच नाही, हे मला या साऱ्या कथेत सगळ्यात चमत्कारिक वाटतं.

पगारातून पैसे कापून आरोग्यसेवा चालवणं म्हणजेच नोकरीची सवलत ना? जर्मनीत आजही कपात होते.

घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश घेऊ. पैसा कुठून गोळा करायचा हा एक प्रश्न, आणि उपचार कुणाला द्यायचे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'पगारातून' असलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर 'पगारदारांना' असलंच पाहिजे असं नाही.

जर्मनीत आज सार्वजनिक आरोग्यविम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आहे, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. त्यावर प्रत्येक विमा निधीची थोडी जादा आकारणी असते. पण नोकरी गेली आणि बेकारभत्ता सुरू झाला की हप्ता रोजगार खातं भरू लागतं. निधी तोच, कार्ड तेच, डॉक्टर तोच. उपचार अर्धवट सोडून नवीन अर्ज भरत बसावं लागत नाही. २००९ पासून तर प्रत्येक रहिवाशाने विमाधारक असणं बंधनकारक आहे. जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येकाला कुठला ना कुठला विमा आहे: कंपनीत असेपर्यंत कंपनीचा, सोडली की राहत्या गावच्या पालिकेचा. फ्रान्सने २०१६ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. ज्याचं काम त्याचा विमा हा जुना पाया काढून त्याजागी 'इथे कायम राहतो' एवढीच अट ठेवली. पगारातून वसुली मात्र चालूच राहिली.

माझं म्हणणं याच ओळीत बसतं: पगारातून खुशाल वसूल करा, पण उपचार पगाराला टांगू नका.

कंपनी हप्ता भरते, म्हणजे मला तो फुकटच पडतो ना?

नाही. मालकाच्या हिशेबात तुमच्यावरचा एकूण खर्च एकच असतो, त्यातला काही पगार म्हणून हातात येतो आणि काही विमा कंपनीकडे जातो. हप्ता वाढला की त्या वर्षीची पगारवाढ आटते. अर्थतज्ज्ञांचं ज्या थोड्या गोष्टींवर एकमत असतं त्यांतली ही एक. शिवाय जिथे या हप्त्यावर करसवलत आहे तिथे ज्याचा पगार मोठा आणि कराचा टप्पा वरचा, त्याचा फायदाही मोठा. करात सोडलेला पैसा सगळ्यांच्या तिजोरीतला असतो. म्हणजे जिला नोकरीतून विमा मिळत नाही ती झाडूवालीही वातानुकूलित केबिनमधल्या साहेबाच्या विम्याला हातभार लावत असते. सवलत म्हणून जे मिरवलं जातं त्यात सार्वजनिक पैसा आधीच आहे.

नोकरी सुटल्यावरही विमा काही काळ चालू ठेवता येतो म्हणतात.

अमेरिकेत येतो. १९८६ पासूनच्या कायद्यानुसार, वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणची नोकरी गेली तर साधारण अठरा महिने जुनाच विमा चालू ठेवता येतो. गोम अशी की मालकाचा वाटा बंद होतो आणि पूर्ण हप्ता, वर दोन टक्के कारभारखर्च, असा १०२ टक्के भार त्या माणसावर येतो ज्याचा पगार नुकताच थांबला आहे. छत्री आहे, पण पाऊस सुरू झाल्यावर तिचं भाडं वाढतं. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या ऐन भरात, तिथे एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या. ज्या आठवड्यांत दवाखान्याची गरज पडण्याची भीती सगळ्यात जास्त होती, नेमक्या त्याच आठवड्यांत एवढ्या घरांपुढे विमा टिकेल का हा प्रश्न उभा राहिला.

आजारपणामुळेच नोकरी गेली तर?

नोकरीला जोडलेल्या विम्याची सगळ्यात वाईट बाजू हीच. घराला आग लागली म्हणून घराचा विमा रद्द होत नाही. पण मोठं आजारपण माणसाला आधी रजेवर बसवतं, मग बिनपगारी रजेवर, मग घरी. उपचाराचा खर्च शिगेला पोचतो तेव्हाच उपचार मिळवून देणारं नातं तुटतं.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात (१० डिसेंबर १९४८) पंचविसावं कलम बघण्यासारखं आहे. वैद्यकीय सेवा त्यात आहेच, पण बेकारी, आजारपण, अपंगत्व, वैधव्य आणि म्हातारपण यांत संरक्षण मिळण्याचा हक्कही त्याच कलमात एका दमात सांगितला आहे. बेकारी आणि आजारपण ही हातात हात घालून येतात हे मसुदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. नुकतंच एक महायुद्ध आणि त्याआधीची महामंदी त्यांनी बघितली होती.

'जॉब लॉक' म्हणजे काय?

पटत नसलेली नोकरी केवळ विम्यासाठी न सोडणं. मुलाला मधुमेह आहे, बायकोची केमो चालू आहे, म्हणून माणूस साहेबाची बोलणी खात तिथेच बसतो. ब्रिजिट मॅड्रियन या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, नोकरीतून विमा असलेल्या अमेरिकनांचं आपणहून नोकरी सोडण्याचं प्रमाण यामुळे सुमारे एक चतुर्थांशाने घटत होतं. पुढच्या अभ्यासांत आकडा कमीजास्त झाला. २०१४ पासून आधीच्या आजारासाठी विमा नाकारायला तिथे बंदी आली, त्याने पकड थोडी सैलही झाली असणार. स्वतःचा धंदा काढायची उमेद बाळगून वर्षानुवर्षं गप्प बसलेले लोक मात्र कुठल्याच आकड्यात नीट मावत नाहीत.

मालक हप्ता भरतो, तर काय काय मिळावं हे त्याने ठरवलं तर बिघडलं कुठे?

२०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. एका कुटुंबाच्या मालकीच्या कंपनीने धार्मिक श्रद्धेचं कारण देऊन काही गर्भनिरोधकांचा खर्च विम्यातून द्यायला नकार दिला होता. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. निकालाच्या कायदेशीर बाजूंवर वाद घालता येईल. पण एखाद्या बाईला कुठलं गर्भनिरोधक मिळावं या चर्चेत तिच्या मालकाची श्रद्धा बसायला आलीच कशी? हप्त्याच्या दाराने आली.

डॉक्टरांचे श्रम हा माझा हक्क कसा असू शकतो? ही वेठबिगारी झाली.

आक्षेप पोकळ नाही, पण फसवा आहे. खटल्यात बचावाचा हक्क आहे म्हणून कुणी वकिलाला साखळीने बांधून आणत नाही. शिक्षणाचा हक्क आहे म्हणून शिक्षक बिनपगारी राबत नाही. असा हक्क शासनावर जबाबदारी टाकतो: माणसं नेमा, त्यांना मोबदला द्या, सोय उभी करा.

तरीही डॉक्टरांची भीती खरी असते, आणि ती एकदा रस्त्यावर आली होती. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ रोजी सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा लागू झाला आणि त्याच दिवशी बहुतांश डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. तडजोड अशी निघाली की विमा राहिला, आणि डॉक्टरही सरकारी नोकर झाले नाहीत. ते स्वतःचा दवाखाना चालवत, तपासणीगणिक फी घेत राहिले, फक्त बिल बहुधा सरकारी विम्याकडे जाऊ लागलं. दहा वर्षांत सगळ्या प्रांतांनी ही पद्धत उचलली.

हक्क म्हटला की जगातला प्रत्येक उपचार द्यावा लागेल का?

नाही, आणि या बाबतीत हक्काच्या बाजूच्या लोकांनीही प्रामाणिक असायला हवं.

१९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका शेतमजुराचं प्रकरण होतं. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. न्यायालय म्हणालं, हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयापुढे मूत्रपिंडं निकामी झालेला एक रुग्ण आला. त्याला सरकारी रुग्णालयाने डायलिसिस नाकारलं होतं, कारण यंत्रं मोजकी होती आणि बरे होण्याची किंवा प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्यांना आधी घ्यायचं असा नियम होता. वकिलांनी भारतीय निकालाचा आधार घेतला. न्यायालयाने तो विचारात घेतला आणि बाजूला ठेवला: तो अपघातातला तातडीचा उपचार होता, हा आयुष्यभर चालणारा. रुग्ण हरला.

पण हक्क वाया गेला असं म्हणाल तर थांबा. २००२ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच राज्यघटनेवर बोट ठेवून, आईकडून बाळाला एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठीचं नेव्हिरपीन हे औषध मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवू नका असा आदेश सरकारला दिला. डायलिसिसचा नियम न्यायालयाने तपासला आणि तो सगळ्यांना सारखा लावला जात असल्याचं दिसलं. नेव्हिरपीनबद्दलची सरकारची कारणं तपासली आणि ती टिकली नाहीत. सवलतीत हे तपासणंच नसतं.

ब्राझीलने मात्र दुसऱ्या टोकाची अडचण अनुभवली आहे. १९८८ च्या तिथल्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचं कर्तव्य असं स्वच्छ लिहिलं आहे. त्यानंतर महागड्या औषधांसाठी खटल्यांची रीघ लागली, आणि ज्याला वकील गाठता येतो त्याचं औषध आधी, असा प्रकार होऊ लागला.

मोफत म्हटलं की रांगा लागतात, त्याचं काय?

लागतात. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्यांची यादी हा निवडणुकीतला मुद्दा असतो. पण किमतीने अडवलेला माणूस कुठल्याच रांगेत दिसत नाही, म्हणून ती व्यवस्था चटपटीत वाटते.

सिगरेट ओढणाऱ्याचा खर्च मी का भरू?

नोकरीतल्या सामूहिक विम्यातही तुम्ही तो भरतच आहात, फक्त तो ओढणारा शेजारच्या टेबलावर बसतो.

ज्यांना ठरलेला पगारच नाही त्यांचं काय?

नोकरीवर आधारलेली कुठलीही व्यवस्था जगभर नेता येत नाही, त्याचं मुख्य कारण हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे ६० टक्के कामगार, म्हणजे दोनशे कोटी माणसं, असंघटित कामांत आहेत. त्यांच्याकडे पगारपत्रक नाही, मग हप्ता कापायचा कशातून?

थायलंडने २००२ मध्ये याला सरळ उत्तर दिलं. सरकारी नोकर आणि संघटित कामगार यांच्या योजना आधीपासून होत्या. उरलेल्या सगळ्यांसाठी करातून पैसा घालून, भेटीला ३० बाट एवढीच फी ठेवून नवी योजना उभी केली. देशातली बहुतेक जनता त्या 'उरलेल्यां'तच होती. तीन वेगळ्या योजना अजूनही आहेत आणि सरकारी नोकरांवर माणशी खर्च जास्त होतो, अशी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. पण थायलंड तेव्हा श्रीमंत देश नव्हता, हेही लक्षात ठेवावं.

अमेरिकेत आरोग्यसेवेचा हक्क कुणालाच नाही का?

तुकड्यातुकड्यांत आहे. वयाची ६५ वर्षं ओलांडली की १९६५ च्या कायद्याने सरकारी विमा. तातडीच्या कक्षात आलेल्याला पैशाकडे न बघता तपासून स्थिर करावं असा १९८६ चा कायदा. स्थिर झाल्यावर पुढे काय, आणि बिल कोण भरणार, याबद्दल तो कायदा काही बोलत नाही. आणि १९७६ च्या एका निकालानुसार तुरुंगातल्या कैद्याला वैद्यकीय सेवा राज्यघटनेनेच मिळते, कारण डांबून ठेवलेला माणूस स्वतः डॉक्टरकडे जाऊ शकत नाही. बाहेरच्या मोकळ्या माणसाला राज्यघटनेतून तसं काही मिळत नाही.

मग नोकरीतला विमा बंदच करायचा का?

एका फटक्यात केलात तर आज ज्यांना मिळतोय तेच आधी उघड्यावर पडतील. कामगार संघटना या बदलाला अनेकदा बिचकतात त्याचंही कारण समजण्यासारखं आहे: वाटाघाटीत पगारवाढ सोडून मिळवलेली गोष्ट सहजासहजी कोण हातची जाऊ देईल? आधी खालची जमीन तयार हवी. ती तयार झाल्यावर वर काय बांधायचं ते कंपन्यांनी बांधावं. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय सरकारी विम्यात, पण दात, चष्मा आणि बरीचशी औषधं यांसाठी नोकरीतला विमा पुष्कळांना असतो. नोकरी गेली तर चष्मा लांबतो, शस्त्रक्रिया लांबत नाही.

हे सगळं ठीक, पण मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय. मी काय बघू?

जुना विमा कोणत्या तारखेला संपतो ते आधी लेखी विचारा. शेवटचा कामाचा दिवस, महिनाअखेर आणि नोटीस संपण्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. नवीन ठिकाणी विमा पहिल्या दिवसापासून आहे की प्रोबेशन संपल्यावर, हे सही करण्याआधी विचारा. जुना विमा वैयक्तिक विम्यात बदलून मिळतो का आणि त्यासाठी किती दिवसांत अर्ज करावा लागतो ते बघा. ही मुदत बरेचदा फार थोडी असते. आधीच्या आजारासाठी नव्या विम्यात प्रतीक्षाकाळ आहे का, घरच्यांची नावं आपोआप येतात की वेगळा फॉर्म लागतो, हेही पाहा. चालू उपचारांची कागदपत्रं आणि जुन्या विम्याचा दाखला कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी स्वतःच्या पत्त्यावर पाठवून ठेवा. आणि मधले काही दिवस मोकळे राहणार असतील तर ठरवून ठेवलेली शस्त्रक्रिया त्या दिवसांत येत नाही ना, हे कॅलेंडर उघडून एकदा तपासा.